माळ्यावरची लक्ष्मी

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आज आप्पांनी मेलेल्या कम्प्युटरलाही कुंकू लावलं.

चालू आहेत त्यांना लावतात ते समजतं. आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात दरवर्षी लक्ष्मीपूजनाला वजनकाटा, तिजोरी, कम्प्युटर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सगळ्यांना गंधफूल होतं. पण पूजा आटोपल्यावर माझे सासरे, अण्णाराव आप्पा, या वयात शिडी लावून माळ्यावर चढले. आजवर बंद पडलेलं सगळं तिथं रचून ठेवलंय. कम्प्युटरचे जाडजूड जुने पडदे, त्यांचे डबे, पोट फुगलेल्या बॅटऱ्या. एकेकाला बोट लावत गेले. मी खाली शिडी धरून उभी, डोक्यावर धूळ.

म्हणलं, "आप्पा, ह्या कामातून गेल्यात."

"म्हातारं माणूस बी कामातून गेलेलं असतंय गं गंगा. म्हनून काय त्याच्या पाया पडायचं सोडतो का आपन?"

यावर काय बोलणार, कपाळ!

गंगासागर म्हणजे मी, उदगीरची बी.सी.ए., सिरसाळ्यात या घरात सून होऊन आले. मनातलं बोलायला इथं माणूस नाही. नवऱ्याशी बोलावं तर संगमेश फोनमधून मान वर काढत नाहीत. म्हणून लिहायला घेतलंय.

६ नोव्हेंबर

पुण्याच्या कंपनीच्या सायली मॅडमचा फोन. आमची बहुतेक तूरडाळ हीच कंपनी घेते आणि स्वतःच्या नावानं विकते. आता म्हणे, माल देणाऱ्यांची ऑफिसंही पर्यावरणाला धरून पाहिजेत. कमी वीज खाणारे कम्प्युटर, कमीत कमी कागद, जुनी यंत्रं आणि बॅटऱ्या रीतसर मार्गी लावलेल्या. जानेवारीत त्या बघायला येणार. पसंत पडलं तर पुढं तीन वर्षं माल पक्का. नाही पडलं तर दुसरी मिल बघणार.

टेम्पोवाला हरिबा विचारतो, "वैनी, कम्प्युटरला हिरवा रंग द्यायचा का?" संगमेश हसले. मला हसू आलं नाही.

कारण मी छबुबाईला शब्द देऊन बसलेय. मिलमागच्या खोल्यांत राहते ती, तूर निवडायला असते. घरदार दरसाल दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाला जायचं. गेल्या साली तिच्या सुनेचं, वर्षाराणीचं, उसाच्या फडातच पोट पडलं. आता पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना. मीच सांगितलं, यंदा मुकादमाची उचल घेऊ नका, मिल बारा महिने चालणार, बाळंतपण इथं सावलीत करू. ऐकलं बिचारीनं. अजून पाच-सहा घरांनी तिचं बघून मुकादमाला नाही म्हणलं. आता मिलच बसली तर मी कुठल्या तोंडानं उभी राहू?

२५ नोव्हेंबर

नवीन यंत्रं बसली. तळहाताएवढे डबे, पडद्यामागं चिकटतात, आवाज नाही की ऊब नाही. गच्चीवर सौर पाट्या बसवल्या. गेटपास फोनवर. जेवायच्या सुट्टीत पडदे आपोआप बंद होतात, तर आप्पांना वाटलं वीज गेली, इन्व्हर्टरला शिव्या देत फिरत होते.

खरं सांगू? माझं मला कौतुक वाटलं आज. कोणी केलं नाही म्हणून मीच करून घेतलं.

९ डिसेंबर

भांडण झालं. व्हायचंच होतं.

असली यंत्रं मोडून नीट वेगळी करणारे सरकारमान्य लोक संभाजीनगरला आहेत. गाडी पाठवतो म्हणाले. वायरी, प्रिंटर आप्पांनी बिनतक्रार काढून दिले, त्यांना कधी कुंकू लागलेलं नाही ना! पण माळ्याला हात लावू देईनात. शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले.

"पुजलेली लक्ष्मी हाय ती. तिच्यावर आपन पोटं भरली. हातोड्यानं फोडनाऱ्याच्या पायाखाली देऊ? न्हाई."

जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो, तर तीही त्यांनी कधी देऊ दिली नव्हती. माझं डोकं फिरलं. हमाल, बाया सगळे ऐकत होते तरी मी थांबले नाही. म्हणलं, "आप्पा, दहा जानेवारीच्या आत माळा मोकळा पाहिजे. कुठं नेता, कसं नेता, मला सांगूही नका. माझ्या डोळ्याला ते दिसता कामा नये!"

ते उठले, टोपी नीट केली आणि घरी गेले. जेवले नाहीत. संगमेश म्हणाले, "म्हाताऱ्याला कशापायी इतकं बोललीस?" तुम्ही बोलला असता तर मला बोलायची वेळ आली नसती, म्हणलं.

वाईट वाटतंय. पण माघार घेणार नाही.

३० डिसेंबर, येळवस

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आख्खा गाव रानात. आम्ही बायका मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे टोपल्यात भरून आमच्या मळ्यात गेलो. आप्पा आणि हरिबा टेम्पो घेऊन पहाटेच पुढं गेलते.

पोचलो तर आप्पा विहिरीच्या काठावर बसलेले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. काठावर हळदीकुंकू, पाच नारळ फोडलेले. यंदा पाऊस बरा झाला म्हणून विहीर अजून तुडुंब आहे, आणि पाण्यावर झेंडूच झेंडू. विहिरीची इतकी थाटाची पूजा या घरात मी कधी पाहिली नव्हती. पाणी टिकावं म्हणून केली असेल.

दोघं घामाघूम. हरिबा म्हणतो, कंबर धरली. पूजेनं कंबर धरलेला माणूस आजच पाहिला. मी चिडवलं तर तो भज्जीत डोकं घालून बसला.

आप्पा किती दिवसांनी पोटभर जेवले. जाताना विहिरीला हात जोडले आणि माझ्याशी आपणहून बोलले, "गंगा, झालं तुजं काम. माळा मोकळा हाय. माज्या मनाला बी आता टोचनी न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. बीडला कुणाकडं तरी नीट पाठवून दिलं असणार. म्हातारा हट्टी आहे, पण शेवटी ऐकतो.

३ जानेवारी

माळा झाडून घेतला. केवढी जागा निघाली!

संभाजीनगरच्या गाडीला नको म्हणून कळवलं. सायली मॅडमना दाखवायला यंत्रं दिल्याची पावती लागणार होती. आप्पांना विचारायला गेले तर ते लिंगपूजेला बसलेले. संगमेशना सांगितलं. दोन दिवसांत पावती हातात. कुणाकडून आणली म्हणलं तर, "तुला पावती पायजे का चौकशी पायजे?" त्यांच्या ओळखी दांडग्या. मी फाइलला लावून टाकली.

२३ जानेवारी

पास!

सायली मॅडम लहानशी पोरगी निघाली. सगळं बघितलं, माळ्यावर स्वतः चढली, मोकळा बघून फोटो काढला. म्हणाली, "गंगासागर मॅडम, मोठमोठ्या कंपन्यांना जमत नाही हे." आप्पांनी तिला शाल दिली. पाट्या बघायला गच्चीवर गेलो तेव्हा तिनं विचारलं, मजुरांच्या खोल्यांना पाणी कुठलं? म्हणलं, बोअरचं, तो आटला की टँकर. तर म्हणाली, टँकरचं डिझेल वाचवता आलं तर पुढच्या अहवालात उठून दिसेल.

छबुबाईला सांगायला गेले. तिनं रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं केला, मी रीतीप्रमाणं "आत्ताच पिऊन आले" म्हणलं. बोअरचं पाणी मला बाधतं, आम्ही घरी आणि ऑफिसात जारचंच पितो. वर्षाराणी आतून हसली. पाचवा महिना, अंगावर तेज आलंय. छबुबाई म्हणाली, "तुमच्यामुळं यंदा घराचं तोंड बघायलोत वैनी." मला भरून आलं.

१६ फेब्रुवारी

बोअरनं मान टाकली. टँकर सांगायला फोन उचलला आणि सायली मॅडमचं बोलणं आठवलं. आपल्या मळ्यातली विहीर आहे की! मिलमागून दोन शेतं ओलांडली की विहीर. संगमेशना म्हणलं पाइप टाका, मोटार सौर पाट्यांवर चालेल. डिझेल नाही, वीजबिल नाही, मजुरांना दारात पाणी. असलं काही सुचलं की मला स्वतःचाच हेवा वाटतो.

आप्पांना तर आनंदच झाला. "त्या पान्यात लक्ष्मी हाय, गंगा. पिऊ दे लेकरांना." म्हातारं माणूस, काहीही बोलतं. येळवशीपासून लिंगपूजेलाही तिथलाच तांब्या आणतात, तीर्थ म्हणून दोन घोट पितात.

१० मार्च

तूर धो धो येतेय, मान वर करायला फुरसत नाही. त्यात छबुबाई ऑफिसात तांब्या घेऊन उभी.

"वैनी, पानी तुरट लागायलंय. डाळ शिजंना. जरा एक घोट पिऊन बघा की."

समोर दोन व्यापारी बसलेले. म्हणलं, "विहिरीचं पाणी हाय छबुबाई, साखर कुठून आणू? टाकी धुवून घ्या." ती तांब्या घेऊन तशीच गेली. जरा तोडूनच बोलले मी. पण कामाच्या वेळेला काय हे!

२४ मार्च

आता खोल्यांतून रोज कुणी ना कुणी पोट धरून. उन्हाळा लागला की होतंच. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला सांगितली. हरिबाला म्हणलं तू जा टाकून ये, तर म्हणतो, "त्या हिरीवर मला नका धाडू वैनी." का रे? तर काही नाही, पायानं माती उकरत उभा राहिला. भुताखेताचं खूळ असणार. दुसऱ्याला पाठवलं.

आप्पांचंही पोट बिघडलंय. भजी बंद केली त्यांची.

वर्षाराणीला मात्र बघवत नाही. सातवा महिना आणि तोंड पिवळं, पोटात कळा, हातातून भाकरीचं पीठ निसटतं म्हणाली. ताकद नाही. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. मी घरून खजूर पाठवले. छबुबाईला म्हणलं, पाणी भरपूर पाजा तिला.

११ एप्रिल

रात्रीचे दोन वाजलेत. तरी लिहिते.

सकाळी खोल्यांचं पाणी बंद झालं. मोटारवाल्यानं मोटार वर ओढली, तर ती आतून खाल्लेली. म्हणाला, "वैनी, ह्या पान्यात काय हाय? लोखंड खाल्लंय." मी काठावर जाऊन वाकले. पाणी तळाला गेलंय.

आणि त्या पाण्यातून एक काळा पडदा तोंड वर करून माझ्याकडं बघत होता. त्यावर चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी, "श्री परळी वैजनाथ प्रसन्न". आप्पांनी माझ्यासमोर चिकटवली होती ती, माझ्या लग्नाच्या वर्षी. बाजूला डबे. त्याखाली बॅटऱ्या, एकीवर एक, काही फुटून तोंड वासलेल्या.

झेंडू आठवले. ओलं धोतर आठवलं. हरिबाची कंबर आठवली. सगळं माझ्या डोळ्यापुढंच झालं होतं की! मी बघत होते, जेवत होते, हसत होते.

पहिल्यांदा खोल्यांकडं पळाले. जी भेटेल तिच्या घागरी ओतून दिल्या. बायांना वाटलं वैनीला वेड लागलं. वर्षाराणीच्या उशाशी तांब्या भरून ठेवलेला. पाणी भरपूर पाजा, असं मीच सांगितलं होतं.

तिला गाडीत घालून अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. रक्त घेतलं, तपासायला बाहेर पाठवणार.

१२ एप्रिल

आप्पांना विचारलं. ओरडायची ताकदच नव्हती.

"पुजलेलं व्हतं," ते म्हणाले, अगदी साधेपणानं. "देव जुना झाला की पान्यात सोडत्यात. गनपती सोडत न्हाईत का? तू म्हनलीस तुला दिसू नये, कुठं न्हेलं ते सांगू नये. मग मी रीतीनं केलं. येळवशीचा दिवस बघून केलं."

"आप्पा, बॅटऱ्या पण?"

"त्येंची बी पूजा व्हायची की."

मग मी सांगितलं. बॅटरीत तेजाब असतं, शिसं असतं. ते पाण्यात उतरतं, दिसत नाही. पोटातल्या लेकराला सगळ्यात जास्त बाधतं.

"पान्यात सोडलं की समदं सुद्ध व्हतंय, न्हवं?" त्यांनी विचारलं. लहान पोरासारखं विचारलं. मी नाही म्हणलं.

मग म्हणाले, "म्हंजे वर्षाराणीला मी...?"

"नाही आप्पा. विहिरीला नळ मी जोडला. पावती खोटी आहे हे मला कळत होतं, मी विचारलं नाही." हे लिहिताना कळतंय की कळत होतं. तेव्हा मी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

१५ एप्रिल

विहिरीतली यंत्रं वर काढली. हरिबा आतापर्यंत गप्प होता, आज रडला. म्हणाला, "मालकानं शपथ घातलती वैनी." आप्पा काठावर बसले. एकेक डबा वर आला की धोतराच्या सोग्यानं पुसायचे. कुंकू कधीच धुऊन गेलेलं, तरी पुसत होते. शेवटची बॅटरी पुसून झाल्यावर म्हणाले, "आता न्हेऊ द्या त्येंना. आता ही लक्ष्मी न्हाई." संभाजीनगरची गाडी आली आणि घेऊन गेली. विहिरीवर पत्रा टाकला, पाणी तपासायला पाठवलं. टँकर सुरू केला.

संध्याकाळी संगमेशशी कडाक्याचं वाजलं. मी पुण्याला सगळं कळवणार म्हणलं.

"येडी झालीस का? कुनाला कळलंय? काढलं, संपलं. तीन वर्षांचा माल हाय!"

"वर्षाराणीच्या पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळायला नको? बाकीच्या घरांचं रक्त तपासायला नको?"

"मग गुपचूप तपास की. पुन्याला कशापायी सांगायचं?"

त्यांचंही खोटं नाही. मिल गेली तर त्याच माणसांची भाकरी जाते. घटकाभर मला पटलंही. मग भिंतीवरचं मानपत्र दिसलं, पास झाल्यावर पुण्याहून आलेलं, काचेत मढवलेलं, खाली माझं नाव. फोन लावला. खोट्या पावतीपासून सगळं सांगितलं.

सायली मॅडमनं पावतीचा नंबर विचारून लिहून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं, मॅडम. पण आता मला वर कळवावं लागेल."

"कळवा," म्हणलं. मानपत्र उतरवून ठेवलं.

२९ एप्रिल

पाण्यात शिसं निघालं. वर्षाराणीच्या रक्तातही. बाकीच्यांच्या रक्तात कमी-जास्त. आप्पांच्याही. औषध सुरू आहे. आप्पा म्हणतात, माझं राहू द्या, आधी तिचं बघा.

पुण्याचा माल थांबवलाय. चौकशी होईपर्यंत. मिल अर्ध्यावर आली. संगमेश माझ्याशी बोलत नाहीत.

५ मे

वर्षाराणी आठव्यातच मोकळी झाली. मुलगी. जिवंत आहे. पेटीत ठेवलं होतं, आता आईजवळ दिलंय. माझ्या ओंजळीत मावेल एवढी. मी डॉक्टरांना विचारलं, लेकराला काही...? ते म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही. वाढंल तसं कळंल, बसायला लागंल, बोलायला लागंल तेव्हा. म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघायची. बघणाऱ्या त्या, मी नाही.

१८ मे

मायलेकी घरी आल्या म्हणून खोल्यांवर गेले. आप्पांनी बाळाला टोपडं दिलं होतं. यायला निघाले होते, पण मिलच्या फाटकातून परत फिरले.

इतकी वर्षं छबुबाईच्या दारात पाय ठेवला की पहिला तांब्या पुढं यायचा. आज आला नाही. तिनं टोपडं घेतलं, बाजूला ठेवलं. वर्षाराणी पाठमोरी, लेकराला पाजत होती. मी हात जोडले. म्हणलं, "छबुबाई, माझं चुकलं. तुमी तांब्या घेऊन आलता, मी एक घोट घेतला नाही."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "मुकादम आलता. दिवाळीनंतर येतो म्हनलंय त्याला."

"अहो, एवढंसं लेकरू घेऊन उसाला? ओली बाळंतीण..."

"तवर व्हईल की जरा मोठी." सूप हातात घेऊन ती तांदूळ पाखडत राहिली. "तितं कशाला भ्यायचं ते ठावं तरी असतंय, वैनी."

उठावं तर पाय निघेना, बसावं तर तोंड नाही. शेवटी मीच म्हणलं, "छबुबाई, पाणी देता का?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. उठून आत गेली, तांब्या भरून आणला.

"टँकरचं हाय," म्हणाली. "प्या बिनघोर."

मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्याले. ती रिकामा तांब्या परत घ्यायला हात पुढं करून उभी होती.